न्यूयॉर्कचा पगार, जर्सीचं घर आणि कोथरूडमधले दहा दिवस: रिटर्न कुठे कुठे भरायचं?

एडिसनकर | २१ मार्च २०२६, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. पाडव्याचं श्रीखंड संपलं, आता टॅक्सचा कडुलिंब.

आम्ही एडिसनला राहतो. २०२४ पर्यंत दोघांच्याही नोकऱ्या न्यू जर्सीत होत्या, त्यामुळे फेडरल (केंद्राचं) आणि जर्सी अशी दोन रिटर्नं भरली की मोकळे. जानेवारी २०२५ पासून माझी नोकरी मॅनहॅटनमध्ये आहे. मंगळवार-बुधवार मेट्रोपार्कहून गाडी पकडून ऑफिस, बाकी तीन दिवस घरून काम. बायकोची नोकरी न्यू ब्रन्सविकलाच.

आता डब्ल्यू-२, म्हणजे कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा फॉर्म, समोर घेऊन बसलोय. त्यात राज्यांच्या दोन ओळी आहेत. न्यूयॉर्कसमोर माझा अख्खा पगार, जर्सीसमोरही अख्खा पगार. कापलेला कर मात्र सगळा न्यूयॉर्कचा, जर्सीचा शून्य. सॉफ्टवेअरमध्ये हे भरलं तर ते म्हणतंय जर्सीला जवळजवळ सात हजार डॉलर द्या. हे आकडे बघून बायकोने चहा न विचारताच ठेवला.

माझे प्रश्न:
मी आठवड्यातून दोनच दिवस न्यूयॉर्कला जातो, तर ४० टक्केच पगार न्यूयॉर्कचा दाखवता येईल का?
मे महिन्यात कंपनीने ११ दिवस शिकागोला क्लायंटकडे पाठवलं होतं, त्याचं काय?
आणि दिवाळीला तीन आठवडे पुण्यात होतो. त्यातला एक आठवडा रजा, उरलेले दहा दिवस कोथरूडला आईकडे बसून काम केलं. संध्याकाळी साडेसहा ते रात्री अडीच. ते दिवस कोणाचे?

सीए गाठायच्या आधी स्वतः समजून घ्यावं म्हणतो.

---

गप्पू | २१ मार्च, रात्री ११:४०

सोपं आहे. ज्या दिवशी जिथे बसलात तिथला कर. ४० टक्के न्यूयॉर्क, ६० टक्के जर्सी. मी डेट्रॉइटला असतो, इथे सगळे असंच करतात.

---

मेघना_फिली | २२ मार्च, सकाळी ७:०५

गप्पू, थांबा जरा. एडिसनकर, हे ऐकून आकडे भरू नका, पत्र येईल घरी.

न्यूयॉर्कचा स्वतःचा एक नियम आहे, 'कन्व्हीनियन्स ऑफ द एम्प्लॉयर' नावाचा. तुमची खुर्ची न्यूयॉर्कच्या ऑफिसात ठरलेली आहे आणि तुम्ही घरून काम करता ते तुमच्या सोयीसाठी, कंपनीला गत्यंतर नाही म्हणून नव्हे, तर घरचा तो दिवस न्यूयॉर्कचाच धरतात. घर जर्सीत असो, कनेटिकटात असो की कोथरूडला. "कंपनीनेच हायब्रिड धोरण केलंय" म्हटलं तरी भागत नाही. तुमचं घर म्हणजेच कंपनीचं खरंखुरं ऑफिस आहे हे सिद्ध करावं लागतं आणि त्याच्या अटी अशा आहेत की साध्या टेबल-खुर्चीवाल्याला त्या जमत नाहीत.

म्हणजे तुमचे सोमवार, गुरुवार, शुक्रवार सगळे न्यूयॉर्कचरणी.

शिकागोचे ११ दिवस मात्र तुमचे. तिथे कंपनीने पाठवलं, काम तिथेच होतं. ते न्यूयॉर्कमधून वजा होतात.

---

एडिसनकर | २२ मार्च, सकाळी ७:३१

म्हणजे आईच्या डायनिंग टेबलावर बसून, तिच्या विजेवर, तिच्या वायफायवर काम केलं, आणि कर न्यूयॉर्कला?

---

मेघना_फिली | २२ मार्च, सकाळी ७:३८

हो. रजेचा आठवडा कशातच धरायचा नाही, कारण तो कामाचा दिवसच नाही. कामाचे दहा दिवस न्यूयॉर्कचे. पुण्याला तुम्हाला कंपनीने पाठवलं नव्हतं ना.

---

खवचट_आजोबा | २२ मार्च, सकाळी ८:१०

आईला सांगू नका. "मेलं आमच्या घरात येऊन तिकडे कर भरतो" म्हणून पुढच्या दिवाळीला विजेचं बिल हातात देतील.

---

सीए_पेठकर | २२ मार्च, सकाळी ८:४५ (पुण्यात संध्याकाळ)

भारताच्या बाजूने सांगतो. इथे बसून केलेल्या कामाचा पगार भारतात मिळवलेला पगार धरला जातो, हे बरेच जण विसरतात. पण भारत-अमेरिका कर करारातलं १६ वं कलम मदतीला येतं. इथला मुक्काम वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त नाही, पगार देणारी कंपनी भारतातली नाही, आणि तो पगार तिच्या भारतातल्या कुठल्या शाखेच्या माथी मारलेला नाही, या तिन्ही गोष्टी बसल्या तर भारत त्या पगाराला हात लावत नाही. दहा दिवसांसाठी झोप उडवू नका. मात्र दर वर्षी चार-चार महिने इथून काम करायची सवय लागली तर येऊन भेटा.

अवांतर: राज्याचा कर आम्हालाही आहे म्हटलं. व्यवसाय कर. महाराष्ट्रात महिन्याला २०० रुपये, आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे बरोबर २,५००. घटनेच्या २७६ व्या कलमानेच ती कमाल ठरवून दिली आहे. तुमचं ते सगळं वाचून या २,५०० रुपयांवर प्रेम जडलं.

---

टेक्सासराव | २२ मार्च, सकाळी ९:२०

आमच्याकडे राज्याचा इन्कम टॅक्सच नाही. हा धागा मी पॉपकॉर्न घेऊन वाचतोय.

---

बे_एरियाची_सून | २२ मार्च, सकाळी ९:२६

टेक्सासराव, प्रॉपर्टी टॅक्सचं बिल कधी येतं तुमच्याकडे? तेव्हा पॉपकॉर्न मी आणते.

---

टेक्सासराव | २२ मार्च, सकाळी ९:२९

तो विषय इथे काढू नये अशी विनंती.

---

मनोहर_ब्रिजवॉटर | २२ मार्च, सकाळी १०:१५

वीस वर्षं हेच करतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट क्रमाची. आधी जिथे राहत नाही पण कमावतो त्या राज्याचं, म्हणजे अनिवासी रिटर्न पूर्ण करायचं, मग स्वतःच्या राज्याचं. तुमच्या बाबतीत आधी न्यूयॉर्कचा आयटी-२०३, मग जर्सीचा एनजे-१०४०. उलटं केलंत तर जर्सीला क्रेडिट (न्यूयॉर्कच्या करापोटी आपल्या करात दिलेली सूट) द्यायला आकडाच मिळत नाही, आणि सॉफ्टवेअर ते सात हजारांचं भूत दाखवतं. तुमचं नेमकं तेच झालं असणार.

दुसरी गोष्ट डब्ल्यू-२ ची. न्यूयॉर्कचा दंडक असा आहे की त्यांच्या ओळीत फेडरल पगाराइतकाच आकडा छापायचा, माणूस तिथे एक दिवस गेलेला असला तरी. त्यामुळे तो आकडा "न्यूयॉर्कमध्ये कमावलेला पगार" नव्हे. तो पगार तुम्हाला स्वतः दिवस मोजून काढायचा असतो, आयटी-२०३-बी नावाच्या पुरवणीवर. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून शनिवार-रविवार, सुट्ट्या, आजारपण, रजा वजा. जे उरतात ते कामाचे. त्यातून न्यूयॉर्कबाहेरचे वजा, पण घरून केलेले दिवस पुन्हा त्या बाहेरच्यांतून काढून घेणारी एक वेगळी ओळ तिथे बसवलेली आहे. मेघनाताईंनी सांगितलेला नियम त्या ओळीत राहतो.

तुमच्या डब्ल्यू-२ वर दोन राज्यांत दोनदा पगार आहे, म्हणून काही सॉफ्टवेअरं दोन्हींची बेरीज करून मोकळी होतात. दीड लाखाचे तीन लाख झालेत का ते आधी बघा.

तिसरी गोष्ट म्हणजे न्यूयॉर्कची कर मोजायची तऱ्हा. ते आधी तुमच्या दोघांच्या सगळ्या उत्पन्नावर, तुम्ही तिथलेच रहिवासी असल्यासारखा कर काढतात, आणि मग त्याला न्यूयॉर्कच्या हिश्श्याच्या टक्केवारीने गुणतात. म्हणजे बायकोच्या पगारावर कर लावत नाहीत, पण त्या पगारामुळे दर मात्र चढतो. हे कळल्यावर माझ्या घरी संसाराच्या सुरुवातीला एक भांडण झालेलं आहे.

चौथी: न्यूयॉर्क शहराचा कर तुम्हाला नाही, तो फक्त शहरात राहणाऱ्यांना. बाहेरून येणाऱ्यांवरचा शहराचा कर १९९९ साली रद्द झाला. कोणी भरायला सांगितला तर भरू नका. ऑफिस याँकर्सला असेल तर मात्र अनिवाशांना तिथला वेगळा छोटा कर आहे.

आणि क्रेडिटचा आकडा भरताना: डब्ल्यू-२ वर कापलेला न्यूयॉर्कचा कर लिहायचा नाही. न्यूयॉर्कच्या रिटर्नवर ठरलेला कर लिहायचा. पहिल्या वर्षी मी कापलेला लिहिला होता. दोन वर्षांनी राज्याचं पत्र, फरक आणि वर व्याज. चूक शंभर टक्के माझी.

---

शेंगदाणा | २२ मार्च, सकाळी १०:२१

वाचनखूण साठवली. मनोहरकाका, साष्टांग.

---

गप्पू | २२ मार्च, सकाळी १०:५०

चुकलो, मान्य. मिशिगनची हवा लागली. आमच्याकडे इलिनॉय, इंडियाना, ओहायो, विस्कॉन्सिन यांच्याशी करार आहेत. मी राहतो मिशिगनात, मधली चार वर्षं नोकरी ओहायोतल्या टोलेडोला होती, तरी पगारावरचा राज्याचा कर फक्त मिशिगनला. ओहायोच्या राज्याचं रिटर्न कधी भरलंच नाही.

पण एक घोळ झाला होता. एचआरला सूट मागणारा फॉर्म द्यायचा असतो हे माहीत नव्हतं. वर्षभर ओहायोचा कर कापला गेला आणि तो परत मिळवायला शेवटी तिथलं अनिवासी रिटर्न भरावंच लागलं. आणि करार राज्याचा असला तरी टोलेडो शहर आपला कर सोडत नाही.

---

मेघना_फिली | २२ मार्च, सकाळी ११:३०

शहराचं म्हणाल तर आमच्या जखमेवर मीठ. मी राहते चेरी हिलला, म्हणजे जर्सीत, नोकरी फिलाडेल्फियात. जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाचा करार १९७७ पासूनचा, त्यामुळे पगारावर पेनसिल्व्हेनियाचा ३.०७ टक्के माफ. पण फिलाडेल्फिया शहराचा वेज टॅक्स अनिवाशांनाही साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे. राज्याने सोडलं, शहराने धरलं. बरं, त्याचं क्रेडिट जर्सी देते, ही त्यातली बरी बाजू.

मजा म्हणजे या शहराचा नियम न्यूयॉर्कसारखाच, पण त्याहून सैल आहे. कंपनीने सांगून घरी बसवलं तर जर्सीतल्या घरच्या दिवसांचा वेज टॅक्स लागत नाही. त्याचा परतावा मागायला कंपनीची सही लागते. २०२० चा परतावा मी असाच मिळवला, वहीत प्रत्येक दिवसाची नोंद ठेवून.

आणि करार फक्त पगारापुरता हं. भाड्याचं घर, धंदा याला तो लागू नाही. माझ्या नणंदेचं ॲलनटाउनला भाड्याने दिलेलं घर आहे, ती जर्सीत राहूनही पेनसिल्व्हेनियाचं रिटर्न दर वर्षी भरते.

---

अक्षता_डॅलस | २२ मार्च, दुपारी १:०५

मध्येच विचारते, सॉरी. मी एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, डॅलसजवळ एमएस करते. मागच्या उन्हाळ्यात सनीव्हेलला तीन महिने इंटर्नशिप होती. मी तर १०४०-एनआर हे फेडरलचं अनिवासी रिटर्न भरते, म्हणजे आधीच नॉनरेसिडेंट आहे. मग कॅलिफोर्नियाचं वेगळं काही भरायचं का?

---

बे_एरियाची_सून | २२ मार्च, दुपारी १:४०

अक्षता, सॉरी कशाला, इथे निम्म्यांना हे माहीत नाही. 'नॉनरेसिडेंट' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना लावलाय.

फेडरलचा नॉनरेसिडेंट व्हिसा आणि दिवसांवर ठरतो. एफ-१ वाले साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं त्यात असतात. राज्याचा नॉनरेसिडेंट ठरतो तुझं बिऱ्हाड कुठे आहे त्यावर. त्यामुळे एखादा विद्यार्थी फेडरलला अनिवासी आणि राज्याला निवासी असू शकतो.

तुझं बिऱ्हाड टेक्सासात, तीन महिने काम केलं इथे. कॅलिफोर्नियाचा ५४०एनआर, म्हणजे तिथलं अनिवासी रिटर्न, भरायचा. टेक्सासला करच नाही, त्यामुळे क्रेडिट वगैरे प्रश्न येत नाही. बऱ्याचदा इंटर्नचा कर पूर्ण वर्ष कमावल्यासारखा कापलेला असतो, त्यामुळे परत येण्याचीच शक्यता जास्त. एक लक्षात ठेव, भारत-अमेरिका कराराने फेडरलला मिळणाऱ्या सवलती कॅलिफोर्निया आपोआप मानत नाही.

---

अक्षता_डॅलस | २२ मार्च, दुपारी १:४४

परत येणार? 😀 भरते भरते, आजच भरते.

---

टेक्सासराव | २२ मार्च, दुपारी २:३०

बरं, आता खरं सांगतो. पॉपकॉर्न मलाही खायला मिळाले नव्हते. २०२२ ला सॅन होजेहून ऑस्टिनला आलो, वाटलं सुटलो. २०२३ मध्ये जुने आरएसयू, म्हणजे कंपनीने देऊ केलेले शेअर, वेस्ट झाले, म्हणजे खरोखर माझ्या नावावर झाले. कॅलिफोर्निया म्हणतं, शेअर देऊ केले त्या दिवसापासून वेस्ट होईपर्यंत तुम्ही कामाचे किती दिवस आमच्याकडे होतात? तेवढा हिस्सा आमचा. त्यातली सुरुवातीची वर्षं तिथली. त्यामुळे टेक्सासात राहून दर वर्षी ५४०एनआर भरतोय. या वर्षीचा शेवटचा, देवा.

४०१-के, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्याबद्दल मात्र निर्धास्त राहा. १९९६ च्या फेडरल कायद्याने सोडून गेलेल्या माणसाच्या पेन्शनवर जुन्या राज्याला कर लावता येत नाही.

---

खवचट_आजोबा | २२ मार्च, दुपारी २:४८

टेक्सासराव, घर सोडलं तरी सासर सुटत नाही म्हणतात ते हेच.

अवांतर: 'नॉनरेसिडेंट'ला मराठीत 'अनिवासी' म्हणताय सगळे. एनआरआयही अनिवासी, आणि शेजारच्या राज्यात राहून रोज गाडीने येणाराही अनिवासी? 'परराज्यकर' कसा वाटतो? म्हणजे कुळकर्णी, देशकर, परराज्यकर.

---

शेंगदाणा | २२ मार्च, दुपारी २:५२

'उपरा' हा शब्द साहित्यात आधीच घेतलेला आहे नाहीतर चालला असता. हलके घ्या.

---

कनेटिकटची_कैरी | २२ मार्च, संध्याकाळी ६:२०

न्यूयॉर्कच्या या नियमाविरुद्ध कोणी लढलं नाही का असं वाटत असेल तर आमच्या राज्याची गोष्ट ऐका. एडवर्ड झेलिन्स्की नावाचे कायद्याचे प्राध्यापक. घर कनेटिकटात, शिकवायला मॅनहॅटनला कार्डोझो लॉ स्कूलमध्ये. काही दिवस वर्गात, बाकी दिवस घरच्या अभ्यासिकेत बसून लेखन. म्हणाले, घरच्या दिवसांचा कर न्यूयॉर्कने का घ्यावा? स्वतः करकायद्याचे जाणकार, स्वतःच खटला लढवला. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. कोविडच्या काळात घरून शिकवलं तेव्हा परत लढायला उभे राहिले.

जिथे कायद्याच्या प्राध्यापकाची डाळ शिजली नाही तिथे तुम्ही-आम्ही कोण? मी निमूट आयटी-२०३ भरते.

---

मनोहर_ब्रिजवॉटर | २२ मार्च, संध्याकाळी ७:००

त्याला जोडून. न्यू हॅम्पशायरला पगारावर कर नाही. कोविडात मॅसॅच्युसेट्सने तिथे घरी बसलेल्यांच्या पगारावर कर लावला. न्यू हॅम्पशायर थेट सुप्रीम कोर्टात गेलं. जून २०२१ मध्ये कोर्टाने खटला ऐकायलाच नकार दिला. त्यामुळे मूळ प्रश्न तसाच लोंबकळतोय.

आपल्या जर्सीने मग वेगळी चाल केली. २०२३ मध्ये कायदा केला की ज्या राज्यात असा नियम आहे तिथल्या रहिवाशांना आम्हीही तोच लावणार. म्हणजे न्यूयॉर्कला राहून जर्सीच्या कंपनीचं काम घरून करणाऱ्याचा पगार आता जर्सीचा. जशास तसं. शिवाय जर्सीच्या रहिवाशाने न्यूयॉर्कशी भांडून परतावा मिळवला तर जर्सी त्याला वर क्रेडिट देणार. युद्धासाठी सैनिक हवेत अशी जाहिरातच ती.

---

गप्पू | २२ मार्च, संध्याकाळी ७:१५

एडिसनकर, चढा घोड्यावर.

---

शेंगदाणा | २२ मार्च, रात्री ८:०२

मला वेगळाच प्रश्न पडलाय. जून २०२४ ला भारत-पाक सामना न्यूयॉर्कच्या नसाऊ काउंटीत झाला. आपण ६ धावांनी जिंकलो. मग त्या मॅचच्या मानधनाचा आयटी-२०३ भरायला बुमरा बसला असेल का?

---

खवचट_आजोबा | २२ मार्च, रात्री ८:१०

त्याने ४ षटकांत १४ धावा दिल्या. तितक्या कंजूष माणसाकडून न्यूयॉर्क काय काढणार?

---

बे_एरियाची_सून | २२ मार्च, रात्री ८:३५

विनोद बाजूला, इथल्या खेळाडूंना हे खरंच भोगावं लागतं. बास्केटबॉल, बेसबॉलवाले ज्या ज्या राज्यात खेळतात तिथे तिथे दिवसांच्या हिशोबाने अनिवासी रिटर्न भरतात. 'जॉक टॅक्स' म्हणतात त्याला. त्यांच्या मानाने एडिसनकरांची दोन रिटर्नं म्हणजे सुख.

---

सुनिता_रॅली | २३ मार्च, सकाळी ६:५०

कोणी जर्सी सोडून जाणार असेल तर आमचा अनुभव ऐका. २०२३ ला पार्सिपनीहून नॉर्थ कॅरोलायनाला आलो, घर नंतर विकलं. ओळखीच्या सगळ्यांनी भीती घातली होती की जर्सी 'एक्झिट टॅक्स' घेते. असा वेगळा कर नाहीये. अनिवासी माणूस घर विकताना क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पुरा करतानाच्या, टेबलावरच आगाऊ कर कापून घेतात, किमान विक्रीच्या किमतीच्या २ टक्के. पुढे एनजे-१०४०एनआर हे जर्सीचं अनिवासी रिटर्न भरून हिशोब करायचा आणि जास्तीचं परत मागायचं. आमच्या किमतीवर ते जवळपास बारा हजार डॉलर अडकले, पुढच्या उन्हाळ्यात बरेचसे परत आले. रिटर्न न भरता "गेले पैसे" म्हणून गप्प बसलेलं एक कुटुंब मला माहीत आहे.

---

एडिसनकर | २४ मार्च, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. मनोहरकाका, तुम्ही म्हणालात तेच निघालं. सॉफ्टवेअरमध्ये माझा पगार दुप्पट झाला होता. आता जर्सीची ओळ नीट केली.

काल रात्री कॅलेंडर, बोर्डिंग पास आणि ऑफिसच्या सुट्ट्यांची यादी घेऊन दिवस मोजले. ३६५ वजा १०४ शनिवार-रविवार, वजा १० सुट्ट्या, ३ आजारपणाचे, १८ रजेचे. उरले २३०. त्यात ११ शिकागोचे. म्हणजे न्यूयॉर्कचे २१९. कोथरूडचे दहाही त्यात गेले, जड अंतःकरणाने.

एक शंका राहिली. शिकागोच्या ११ दिवसांचा कर मग इलिनॉयला द्यायचा का? तिसरं रिटर्न?

---

मनोहर_ब्रिजवॉटर | २४ मार्च, रात्री १०:५२

नाही. इलिनॉयने २०२० पासून ३० कामाच्या दिवसांपर्यंत अनिवाशांचा पगार सोडलाय. पण ही सूट राज्याराज्यांत वेगळी आहे, सगळीकडे ३० समजू नका. न्यूयॉर्कमध्ये अशी सूट नाही. कंपनीने कर कापायला सुरुवात करण्यासाठी १४ दिवसांची मर्यादा आहे, तिलाच लोक सूट समजतात.

शिकागोचा पगार जाणार कुठे तर जर्सीला. रहिवाशाच्या जगभरच्या उत्पन्नावर जर्सीचा हक्क आहेच. न्यूयॉर्कने त्या तुकड्यावर कर घेतला नाही, म्हणून त्यावर क्रेडिटही नाही. थोडे पैसे जर्सीला द्यावे लागतील.

---

एडिसनकर | ६ एप्रिल, सकाळी ९:१५

धागा वर काढतोय. दोन्ही रिटर्नं गेली.

न्यूयॉर्कचा कर ठरला सुमारे साडेसात हजार. शिकागोमुळे चारशेच्या आसपास परत येतील. त्यावर जर्सीने क्रेडिट दिलं साडेसहा हजारांच्या जवळ, कारण त्याच पगारावर जर्सीचा स्वतःचा कर तेवढाच होतो आणि त्याहून जास्त ते देत नाहीत. मधले हजारेक न्यूयॉर्कला दान. जर्सीला भरावे लागले साडेचारशेच्या आत. सात हजारांवरून साडेचारशे, म्हणून त्या दिवशीचा चहा आता गोड लागला.

जर्सीचा माझा पगार न्यूयॉर्कच्या आकड्यापेक्षा थोडा जास्त का दिसतो ते दोन संध्याकाळी शोधत होतो. आरोग्य विम्याचा जो हप्ता पगारातून कर वाचवून कापला जातो, तो जर्सी वाचवू देत नाही. डब्ल्यू-२ वर चूक नव्हती.

आणि आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग पुढच्या वेळी रजा काढून ये."

---

मेघना_फिली | ६ एप्रिल, सकाळी ९:२२

आईंचा सल्ला मनोहरकाकांच्या तोडीचा.

---

निव्वळ_वाचक | ६ एप्रिल, रात्री ११:४८

सहा वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. मी जर्सीत हॅमिल्टनला राहतो, २०२३ मध्ये एक वर्ष न्यूयॉर्कच्या कंपनीत होतो. हे सगळं वाचून त्या वर्षाची फाइल काढली. न्यूयॉर्कचं रिटर्न आहे, जर्सीचंही आहे, पण जर्सीच्या रिटर्नमधलं क्रेडिटचं पान कोरं आहे. मी दोन्हीकडे पूर्ण कर भरला. मला वाटलं तसाच भरायचा असतो. ४,१०० डॉलर होतात. आता काही होईल का?

---

मनोहर_ब्रिजवॉटर | ७ एप्रिल, सकाळी ६:१०

होईल. रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांत परतावा मागता येतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये भरलं असेल तर अजून एक वर्ष हातात आहे. एनजे-१०४०एक्स हे दुरुस्तीचं रिटर्न भरा, सोबत न्यूयॉर्कच्या आयटी-२०३ ची प्रत आणि क्रेडिटची पुरवणी लावा. कापलेला नव्हे, ठरलेला कर. आजच भरा, वर्ष आहे म्हणून ठेवून देऊ नका.

---

खवचट_आजोबा | ७ एप्रिल, सकाळी ६:४०

निव्वळ_वाचक, ४,१०० आले की ओक ट्री रोडला मिसळ तुमच्याकडून. अनिवाशांनाही बोलवा.